आपला बैल आपण धरायचा नाही

आमच्या घरी गलेफ शिवायचा आणि खालाच्या घरी समईच्या वाती वळायच्या, यात काही उलटंपालटं आहे असं मला पंचविशी गाठेपर्यंत वाटलं नव्हतं. मग नवी कमिटी आली आणि तिने ते आम्हाला समजावून सांगितलं. काही माणसांना दुसऱ्याच्या घरातला घोळ फार लवकर दिसतो.

गलेफ म्हणजे तुरबतीवर, कबरीवर घालायची चादर. तुरबत बाबांची, आमच्या भागातल्या एका जुन्या संताची, आळंदी रस्त्याच्या कडेला, विश्रांतवाडीच्या अलीकडे, एका कडुलिंबाखाली. कोणी तिला दर्गा म्हणायचं, कोणी समाधी. आम्ही नुसतं ‘जागा’ म्हणायचो. वर्षातून एकदा उरूस व्हायचा. त्या संध्याकाळी नवा गलेफ चढायचा आणि मोठी समई लागायची. गलेफ शिवायचा मान हिंदूच्या घराला, म्हणजे आम्हाला. समई लावायचा मान मुसलमानाच्या घराला, म्हणजे खालाला. खाला आमच्या मागच्या गल्लीत राहायची आणि शिवणकामावर तिने घर चालवलं होतं. लग्नातले ब्लाउज असोत की शाळेचे गणवेश, तिच्या हाताचा टाका ओळखू यायचा. पण गलेफाला तिने उभ्या जन्मात सुई लावली नव्हती. आणि माझी आई देवापुढे दिवा लावल्याशिवाय चहा घेत नसे, पण जागेवरच्या समईला तिने कधी काडी लावली नाही.

ही रीत बाबांची. बाबा नालबंद होते. आळंदी रस्त्यावरून बैलगाड्या जायच्या तेव्हाचे. बैलाला नाल ठोकायचे तर त्याला दोर लावून आडवा पाडतात आणि कोणीतरी त्याचं डोकं घट्ट धरून ठेवावं लागतं. मालक आपल्या बैलाचं डोकं धरायला पुढे आला की बाबा त्याला उठवायचे. म्हणायचे, “आपला बैल आपण धरायचा नाही. दया येते, हात सैल पडतो आणि खिळा बैलालाच लागतो. तू त्याचा धर, तो तुझा धरेल.” मग पाटलाच्या बैलाचं डोकं मुसलमान गाडीवानाने मांडीवर घ्यायचं आणि गाडीवानाच्या बैलाचं पाटलाने. दुसऱ्याची वस्तू माणूस जपून हाताळतो, कारण ती परत करायची असते, असं बाबांचं म्हणणं.

पुढे म्हातारपणी त्यांनी हातोडा खाली ठेवला, तरी लोक येतच राहिले. आता बैलांऐवजी भांडणं घेऊन. दोन भाऊ विहिरीवरून भांडत आले की बाबा एकाला म्हणायचे, तू त्याची बाजू मांड. आणि दुसऱ्याला, तू याची मांड. निम्मी भांडणं तिथेच हसण्यावारी जायची. उरलेली निम्मी जास्त पेटायची, हेही आई सांगायची. ती उगाच चमत्कार सांगणाऱ्यांतली नव्हती. बाबा एकादशी धरायचे आणि रमजानचे रोजेही. दोन्हीकडचे उपास केल्यावर माणूस किडकिडीत राहणारच, असं ती वर म्हणायची.

ते जन्माने कोण, हे मात्र कोणालाच नक्की ठाऊक नव्हतं. आमच्या घरात सांगायचे की ते मुसलमानाचं पोरकं पोर, एका हिंदू बाईने वाढवलेलं. खालाच्या घरात सांगायचे की ते हिंदूचं पोर, एका मुसलमान नालबंदाने पदरात घेतलेलं. दोन्ही घरं बाबांचा जन्म एकमेकांच्या पदरात टाकून मोकळी झाली होती, आणि यावरून कधी कोणी हमरीतुमरीवर आलं नाही.

आईने लग्न होऊन आल्यापासून दर वर्षी गलेफ शिवला. लाल सुती कापड, भोवती खणाचा काठ. मशीनचा टाका चालत नसे, सगळं हाताने. उरूस जवळ आला की दुपारची जेवणं आटोपून ती खिडकीपाशी बसायची आणि त्या वेळी तिच्याशी बोललं तर ‘हं’ एवढंच उत्तर मिळायचं. मी तिच्याकडून काही शिकले नाही. कशाला शिकू? मी कॉम्प्युटर शिकले. आमच्या बाजूला कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि मला त्यांतल्या एकीत नोकरी लागली होती. माझ्या ड्रेसचं बटण तुटलं तर मी सेफ्टी पिन लावायची.

त्या वर्षी उरसाला थोडे आठवडे उरले असताना आईला झटका आला. जीव वाचला, जीभ जड झाली आणि उजवा हात गेला. कापड आणि खण तिने आधीच आणून कपाटात ठेवले होते.

ती दवाखान्यातून घरी आली त्याच आठवड्यात उरसाच्या नव्या कमिटीचे अध्यक्ष भेटायला आले. बँकेतून निवृत्त झालेले, रस्त्यापलीकडच्या नव्या सोसायटीत राहणारे सज्जन गृहस्थ. हे मी खोचकपणे म्हणत नाही. जागेवर फरशी त्यांनी बसवून घेतली, नळ त्यांनी आणला. ते मोसंबी घेऊन आले, आईची चौकशी केली, आणि मग मुद्द्यावर आले.

“आपण इतकी वर्षं केलंत, फार मोठं काम केलंत,” ते आईला म्हणाले. “आता आपल्याला त्रास नको. यंदा गलेफ विकत आणायचा असं कमिटीत ठरलंय. आणि तसं बघितलं तर चादर हे त्यांचं काम. ती ते घालतील. दिवा आपला, तो आपण लावू. ज्याचं त्याच्याकडे दिलं की पुढे वाद नको.”

“काका, वाद कधी झाला होता?” मी विचारलं.

“झाला नाही, म्हणून तर आत्ताच व्यवस्था करायची. झाल्यावर काय उपयोग?”

ते गेले. मी आईकडे बघितलं. रीत अशी होती की ज्या घराचा हात एका उरसाला चुकला, त्या घराचा मान संपला. मग तो मागूनही मिळत नाही. अध्यक्षांना हे माहीत नसावं. आईला माहीत होतं.

“आणू दे विकतचा,” ती जड जिभेने म्हणाली. “हात गेला. मान गेला.” आणि तिने भिंतीकडे तोंड केलं.

डॉक्टर व्यायाम सांगून गेले होते, औषधं चालू होती, पण त्या दिवसापासून तिने प्रयत्नच सोडला. रबरी चेंडू हातात दिला की तो घरंगळून खाली जायचा आणि ती त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही. मला अध्यक्षांचा राग आला, आईचा आला, सगळ्यात जास्त त्या चेंडूचा आला. मी कपाट उघडलं, कापड काढलं आणि तिच्या पाठीला सांगितलं, “गलेफ मी शिवणार आहे.”

“शिव,” ती म्हणाली. ‘जा, चंद्रावर जा’ असं म्हणावं त्या सुरात.

मी कापड काखोटीला मारून खालाकडे गेले. ती मशीनवर बसली होती आणि तिचा मुलगा गाडीची किल्ली फिरवत दारात उभा होता. तो कंपन्यांना गाड्या पुरवायचा. आमच्याच ऑफिसातले निम्मे लोक त्याच्या गाड्यांतून यायचे.

“कमिटीने तुला काही सांगितलं का?” मी खालाला विचारलं.

“सांगितलं ना. समई अध्यक्षांच्या पत्नी लावणार. मी चादरीच्या मागून चालायचं.” तिने दाताने दोरा तोडला.

“मग तू काय म्हणालीस?”

“मी म्हटलं, चहा घ्या.”

मी कापड तिच्यापुढे ठेवलं आणि शिकव म्हटलं. तिने कापडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला.

“तोंडाने शिकवीन. हात लावणार नाही. कबूल?”

“कबूल.”

“अम्मी, काय चाललंय तुमचं?” मुलगा म्हणाला. “मी मखमलीचा गलेफ सांगितलाय, जरीकाम केलेला. कमिटीने मला सांगितलंय आणायला.” मग माझ्याकडे वळून, जरा नरमाईने, “राग मानू नकोस. पण लहानपणापासून मला हे टोचतं. आख्ख्या गल्लीचे कपडे माझी आई शिवते, आणि आमच्याच बाबांच्या चादरीला तिने हात लावायचा नाही. का म्हणून?”

तो चुकीचं बोलत होता असं मला आजही वाटत नाही. पण खालाकडे उत्तर होतं.

“आमचे म्हणतोस ना, म्हणूनच नाही लावायचा,” ती म्हणाली. त्याला ते पटलं नाही. तो किल्ली फिरवत निघून गेला.

मग रोज सकाळी, ऑफिसच्या बसच्या आधी, मी खालाच्या ओट्यावर बसायला लागले. सुईत दोरा ओवण्यापासून सुरुवात होती. खाला समोर खुर्चीत बसायची आणि चक्क स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवायची. सुरुवातीला मला वाटलं, गंमत करतेय. गंमत नव्हती. माझा टाका तिरका जायला लागला की तिचे खांदे हलायचे, बोटं खालून सुटू बघायची, आणि ती पुन्हा दाबून बसायची. जन्मभर सुई धरलेल्या बाईपुढे मी कापडाची विटंबना करत होते आणि तिने फक्त बघायचं होतं.

“उसव,” ती म्हणायची.

“खाला, एवढं काही वाईट नाहीये.”

“तुझ्या ऑफिसात असं चालतं का?”

ऑफिसात माझं कामच ते होतं, दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या. दिवसभर लोकांच्या चुका काढायच्या आणि येता-जाता बसमध्ये स्वतःच्या नव्या करायच्या, असा माझा कार्यक्रम सुरू झाला. येरवड्याच्या चौकात बस हमखास गचका द्यायची आणि सुई अंगठ्यात जायची. माझ्या टीममधला एक जण कॅन्टीनमध्ये म्हणाला, “मॅडम, हे काय, साइड बिझनेस? डेडलाइन आहे का?” मी म्हटलं, “आहे. आणि क्लायंट मेलेला आहे, त्यामुळे एक्स्टेन्शन मिळत नाही.” तो पुन्हा काही विचारायला आला नाही.

एका सकाळी सबंध एक बाजू उसवावी लागली. मी कापड फेकलं आणि रडले, दुःखाने नाही, संतापाने. “तुला एक टाका घालायला काय होतं?” मी खालावर ओरडले. “कोणाला कळणार आहे?”

“मला,” खाला म्हणाली. तिचेही डोळे भरले होते. “तुला वाटतं मला सोपं आहे? तुझ्या आजी, तुझ्या आईच्या सासूबाई. त्यांनी मला समईची वात वळायला शिकवली. मी नवी नवरी. वात नुसती सुटायची. त्या पण अशाच बसायच्या, हात पदराखाली घेऊन. मला तेव्हा त्या फार दुष्ट वाटायच्या.” मग तिने नाक पुसलं. “उचल कापड. मातीत पडलंय.”

मी उचललं. त्यानंतर मी तिला तसं पुन्हा विचारलं नाही. आता हे पुरं करायचंच, मग बस चुको, नोकरी जावो, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. आईला मी रोज संध्याकाळी सांगायची, आज काठ लावला, आज कोपरा दुमडला. ती ऐकून घ्यायची. बघायला मागायची नाही, आणि मीही दाखवला नाही.

उरसाच्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. आईला साडी नेसवली. ती नको नको म्हणत होती; मी ऐकलं नाही. रिक्षावाल्याने आणि मी मिळून तिला उचलून बसवलं आणि गलेफ मी मांडीवर घेतला.

जागेवर गर्दी जमली होती. फुलांचे हार, उदाचा धूर, ताशावाले ताशे शेकत बसलेले. आणि समईपाशी, अगदी तिला टेकून, खाला. ती दुपारपासून तिथे ठाण मांडून बसली होती असं मला नंतर कळलं. अध्यक्षांच्या पत्नी ताम्हणात निरांजन घेऊन आल्या होत्या.

“वहिनी, समई मी लावणार आहे,” खाला त्यांना सांगत होती. “तुम्ही दमला असाल. बसा ना माझ्याजवळ.”

आणि त्या खरंच बसल्या. मला वाटतं, त्यांना मनापासून हायसं वाटलं असावं.

“अहो, आपलं कमिटीत ठरलं होतं ना?” अध्यक्ष पुढे आले.

“तुमचं ठरलं होतं,” खाला म्हणाली. “आधी गलेफ चढेल, मग मी समई लावीन. आणि गलेफ हिच्या घरचा चढेल, नाहीतर समई लागणार नाही. मला घाई नाही.”

तिचा मुलगा मखमली गलेफाचं तबक डोक्यावर घेऊन उभा होता, नवा कुर्ता घालून. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. “अम्मी, लोक बघतायत.”

“बघायलाच आलेत.”

मी आईला खुर्चीत बसवलं आणि गलेफ उलगडला. खोटं कशाला सांगू, तो वाकडा होता. खणाचा काठ एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला अरुंद. टाके दुरूनसुद्धा मोजता आले असते. मागे कोणीतरी हसलं. शेजारी मखमल झळाळत होती.

“मुली,” अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले, “तुझी भावना मला कळते. पण हे तुरबतीवर बरं दिसेल का?”

“नाही दिसणार, काका. पण हाच चढेल.”

“आणि उद्या तू अमेरिकेला गेलीस म्हणजे?”

“तिथून शिवून पाठवीन. सुया तिथेही मिळतात.”

मी गलेफ धरून तिथेच उभी राहिले. दिवस मावळायला आला होता आणि ताशावाले एकमेकांकडे बघत होते. गलेफ एकट्याने चढवता येत नाही. दोन टोकं दोघांनी धरावी लागतात. खालाचा मुलगा जवळ आला आणि त्याने काठ बोटात धरून बघितला. शिंपिणीचं पोर ते, त्याला सगळं दिसलं.

“हे टाके कोणी घातले?”

“मी.”

“अम्मीने एकही नाही?”

“एकही नाही.”

तो आपल्या आईकडे वळला. खाला समईपाशी बसली होती आणि सवयीने तिचे हात मांडीखाली गेले होते. त्याने त्या हातांकडे बघितलं. ते आवरून धरायला तिला काय पडलं असेल, ते त्याला तिथे कळलं असावं. त्याने डोक्यावरचं तबक उतरवलं, जवळ उभ्या असलेल्या अध्यक्षांच्या हातात दिलं आणि माझ्या गलेफाचं दुसरं टोक धरलं.

“धर नीट,” तो मला म्हणाला. “निदान सरळ तरी घालू.”

अध्यक्ष तबक धरून उभेच राहिले. ते कुठे ठेवायचं त्यांना कळेना. शेवटी त्यांच्या पत्नीच म्हणाल्या, “अहो, ती मखमल वर बांधा ना, छतासारखी. चांदवा होईल.” तो बांधला, आणि खरंच फार छान दिसला. अध्यक्षांनी स्वतः दोरी ओढली. मला त्या क्षणी त्यांचा अजिबात राग आला नाही.

गलेफ चढला. खालाने समई लावली. वाती एका काडीत लागल्या. ताशा सुरू झाला. मी आईची खुर्ची ओढत तुरबतीला लावली. तिने डावा हात पुढे केला आणि काठावरून बोटं फिरवत नेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एका कोपऱ्यावर ती थांबली. तिथला दोरा मी गाठ न मारताच सोडला होता.

“सुई,” ती म्हणाली.

खालाने ओढणीत टोचलेली सुई काढून मला दिली. कापडाला तिचा हात लागला नाही. मी दोरा ओवला आणि सुई आईच्या डाव्या हातात ठेवली. ती हातातून निसटली. मी पुन्हा ठेवली. मी कापड ताणून धरलं, तिने सुई खुपसली आणि पलीकडून मी ओढून घेतली. पुन्हा तिने खुपसली, मी ओढली. घाम तिच्या कपाळावरून गळत होता. मग मी गाठ मारली.

आईने वाकून तो टाका बघितला. माझ्या सगळ्या टाक्यांपेक्षा तो मोठा आणि वाकडा होता.

“हा पण मोठाच पडला,” ती म्हणाली. “पुढच्या वर्षी लहान घालू.”